एक तास पुढे, एक तास मागे

दरवर्षी मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, उत्तररात्री दोनच्या सुमारास, अमेरिकेतील बहुतेक सर्व घड्याळे एकदम तीनवर नेली जातात. दोन ते तीन हा तास त्या रात्री त्या देशात उजाडतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी याच्या नेमके उलट घडते. घड्याळ दोनवरून पुन्हा एकवर येते आणि एक ते दोन हा तास लोकांना दोनदा जगावा लागतो. युरोपातील देश हाच विधी मार्च व ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी पार पाडतात.

भारतात आपल्याला घड्याळाच्या काट्यांना असा हात लावावा लागत नाही. तरीही ज्यांची मुलेबाळे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झाली आहेत, ज्यांची नोकरी पुणे, हैदराबाद वा बंगळुरू येथील रात्रपाळीची आहे, अथवा ज्यांचा व्यवहार परदेशी बाजारांशी जोडलेला आहे, त्यांना हा तास वर्षातून दोन वेळा हिशेबात धरावाच लागतो. हा खटाटोप मुळात कशासाठी सुरू झाला, त्यातून खरोखर काय साधले आणि आपल्या देशाने, विशेषतः मुंबई शहराने, याच प्रश्नाशी कशी झुंज दिली, याचा थोडा परामर्श घेऊ या.

उजेडाची उधळपट्टी

उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या कल्पनेचे जनकत्व पुष्कळदा बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते. त्यांनी १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्रास पत्र लिहिले होते हे खरे. परंतु ते विनोदी होते. लोकांनी लवकर उठून मेणबत्त्या वाचवाव्यात, एवढाच त्याचा आशय. घड्याळ बदलण्याची सूचना त्यात नव्हती.

ती सूचना प्रथम गांभीर्याने मांडली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी, १८९५ मध्ये. हडसन पोस्ट खात्यात नोकरीस होते आणि फावल्या वेळात कीटकांचा अभ्यास करीत. कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करण्यास उजेड मिळावा म्हणून उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडमधील विल्यम विलेट या घरबांधणी व्यावसायिकाने ‘उजेडाची उधळपट्टी’ या अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सकाळी घोड्यावरून रपेट करताना, सूर्य वर आलेला असूनही घरोघरचे पडदे बंदच असल्याचे त्यांना दिसे. एप्रिलच्या चार रविवारी प्रत्येकी वीस मिनिटे याप्रमाणे एकूण ऐंशी मिनिटे घड्याळ पुढे न्यावे आणि सप्टेंबरमध्ये तसेच मागे आणावे, अशी त्यांची योजना होती. म्हणजे वर्षातून आठ वेळा काटे फिरवायचे! ब्रिटिश संसदेने ती मान्य केली नाही आणि १९१५ मध्ये विलेट निवर्तले.

पुढच्याच वर्षी महायुद्धाने ते काम करून दाखविले. कोळशाची बचत व्हावी म्हणून जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे एक तास पुढे केली. तीनच आठवड्यांनी, २१ मे रोजी, ब्रिटनने तेच केले. अमेरिकेने १९१८ मध्ये हा मार्ग धरला, पण शेतकऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे पुढच्याच वर्षी तो सोडलाही. ही पद्धत शेतकऱ्यांसाठी सुरू झाली, असा समज आजही आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. गाय दूध देते ते आपल्या सवयीच्या वेळी आणि गवतावरचे दव वाळते ते उन्हाने. शहराचे घड्याळ तासभर पुढे गेले, की दूध नेणारी गाडी तासभर लवकर दारात उभी राहते आणि धावपळ शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

काटे फिरविण्याचा खटाटोप

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत या बाबतीत अक्षरशः अनागोंदी होती. १९४५ ते १९६६ या काळात उन्हाळी वेळ पाळायची की नाही, हे प्रत्येक राज्य आणि गाव आपापले ठरवीत असे. ओहायोतील स्टूबेनव्हिल ते वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल हा बसचा प्रवास अवघ्या पस्तीस मैलांचा. पण वाटेतील प्रत्येक गावाशी घड्याळ जुळवायचे म्हटल्यास उतारूला काटे सात वेळा फिरवावे लागत. अखेर १९६६ च्या कायद्याने एकवाक्यता आणली. तरीही हवाई आणि ॲरिझोनाचा बहुतांश भाग यांनी या पद्धतीपासून दूर राहणेच पसंत केले आहे.

आज मोबाइल व संगणक स्वतःहून वेळ बदलतात, म्हणून हा त्रास संपला असे वाटेल. पण घरातील ओव्हन, मोटारीतील घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांना कोणी कळवीत नाही. त्यातून घरी टोल्यांचे जुने यांत्रिक घड्याळ असेल, तर त्याचे काटे मागे फिरवायचे नसतात. टोल्यांची यंत्रणा बहुधा पुढच्याच दिशेने चालावी अशी रचलेली असते. अशा वेळी दोनच उपाय उरतात. लंबक थांबवून तासभर वाट पाहायची, नाही तर प्रत्येक टोल्यापाशी थांबत काटे अकरा तास पुढे न्यायचे. लंडनच्या बिग बेनपाशी तर कारागीर मनोऱ्यात चढून, तबकड्यांवरील दिवे मालवून हे काम पार पाडतात.

ज्यांना रात्री काम करावे लागते त्यांची कथा आणखी वेगळी. नोव्हेंबरच्या त्या रात्री रुग्णालयातील परिचारिकेची बारा तासांची पाळी तेरा तासांची होते. अमेरिकेच्या ॲमट्रॅक या रेल्वे सेवेच्या गाड्या त्या रात्री वाटेत तासभर थांबून राहतात, कारण न थांबल्यास त्या पुढच्या स्थानकावर वेळेपूर्वी पोहोचतील. मार्चमध्ये मात्र धावत्या गाड्यांना एका क्षणात तासाचा उशीर होतो. जुळ्यांपैकी पहिले मूल एक वाजून चाळीस मिनिटांनी जन्मले आणि दुसरे त्यानंतर अर्ध्या तासाने, तर दुसऱ्याच्या दाखल्यावर एक वाजून दहा मिनिटे अशी वेळ येऊ शकते. धाकटे कागदोपत्री थोरले ठरते! म्हणूनच ज्या संगणक प्रणालींत सेकंदासेकंदाची नोंद महत्त्वाची असते, त्या अंतर्गत नोंदी साधारणतः न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि स्थानिक वेळ केवळ दाखविण्यापुरती वापरतात. २००७ पासून अमेरिकेने उन्हाळी वेळेचा कालावधी वाढविला, तेव्हा त्या देशातील बँका, विमान कंपन्या आणि कार्यालये यांना असंख्य संगणकांतील जुने नियम बदलून घ्यावे लागले होते.

बचतीचा ताळेबंद

एवढ्या उपद्व्यापाच्या बदल्यात पदरात काय पडते? विलेट यांच्या काळी घरातील ऊर्जेचा मोठा खर्च दिव्यांवर होत असे. आता तो वातानुकूलन व तापवण्याच्या यंत्रांवर होतो. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या बऱ्याच भागात २००६ मध्ये प्रथमच उन्हाळी वेळ लागू झाली. त्यामुळे आधीच्या व नंतरच्या वीजबिलांची तुलना करण्याची संधी अभ्यासकांना मिळाली. निष्कर्ष अनपेक्षित होता. घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला. दिव्यांवर वाचले ते संध्याकाळच्या उकाड्यात आणि पहाटेच्या गारठ्यात खर्ची पडले.

शरीराचा हिशेब तर अधिकच गंभीर आहे. स्वीडनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वसंतात घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. एका तासाची झोप ही क्षुल्लक बाब वाटते. पण आपल्या शरीरातील घड्याळ सूर्यप्रकाशावर लागते, सरकारी आदेशावर नव्हे.

आपल्या शेजाऱ्यांनीही हा प्रयोग करून पाहिला आहे. पाकिस्तानने २००२, २००८ व २००९ मध्ये आणि बांगलादेशाने २००९ मध्ये विजेची टंचाई हलकी व्हावी म्हणून घड्याळे पुढे केली. दोन्ही देशांनी तो पुढे चालू ठेवला नाही. यामागील भूगोल समजण्यासारखा आहे. लंडनला जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. तेथे उन्हाळ्यात उजेड खरोखरच उतू जातो. मुंबईत मात्र हे दोन दिवस अनुक्रमे सव्वातेरा आणि अकरा तासांच्या आसपास आहेत. विषुववृत्ताच्या जितके जवळ जावे तितका हा फरक कमी होतो, आणि जे फारसे शिल्लक पडतच नाही ते वाचविणार तरी किती?

बदल नको, पण वेळ कोणती?

मग हे सारे बंद का होत नाही? २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने नागरिकांचे मत मागविले तेव्हा सुमारे ४६ लाख उत्तरे आली आणि त्यांपैकी ८४ टक्के लोकांनी काटे फिरविणे थांबवावे असे सांगितले. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये तसा ठरावही केला. २०२१ हे वर्ष त्यासाठी ठरले होते; ते आले आणि गेले. काट्यांची फिरवाफिरव नको यावर एकमत झाले, तरी कायमची वेळ कोणती ठेवायची, उन्हाळ्याची की हिवाळ्याची, यावर सदस्य राष्ट्रांचे एकमत होऊ शकले नाही.

ही अडचण जुनीच आहे. ब्रिटनने १९६८ ते १९७१ या काळात वर्षभर घड्याळ पुढेच ठेवून पाहिले. स्कॉटलंडमधील काळोख्या सकाळींमुळे ते सोडावे लागले. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या दिवसांत, तेच केले. भल्या अंधारात शाळेला निघालेली मुले पाहून पालक धास्तावले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जुनी पद्धत परत आली. रशियाने २०११ मध्ये उन्हाळी वेळ कायम केली आणि २०१४ मध्ये ती मोडून हिवाळी वेळ कायम केली. यातून एक गोष्ट ध्यानात येते. वाद काट्यांचा नसतो; तो कोणाच्या सकाळीवर अंधार पडावा, याचा असतो. आणि हा निर्णय लोकांना विश्वासात न घेता झाला, की लोक आपले घड्याळ आपल्यापुरते वेगळे ठेवू लागतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय ऐन वेळी जाहीर केला, तेव्हा काही संस्थांनी तो मानला, काहींनी झुगारला. छोट्याशा देशात काही दिवस दोन वेळा चालू राहिल्या आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले.

एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

मुंबईकरांना ही हकिकत मुळीच परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात भारतातील प्रत्येक मोठ्या शहराची वेळ आपापल्या सूर्यावर चाले. मुंबईत मध्यान्ह होई तेव्हा कलकत्त्यात एक वाजून गेलेला असे. रेल्वेने सोयीसाठी या दोहोंच्या मधली मद्रासची वेळ स्वीकारली. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच मद्रास वेळ शहरातील सरकारी कामकाजास लागू करून पाहिली. लोकांच्या नाराजीमुळे ती टिकली नाही.

१ जानेवारी १९०६ रोजी ब्रिटिश सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी भारतीय प्रमाणवेळ अमलात आणली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा आता ३९ मिनिटे आधी वाजणार, तोही हिवाळ्याच्या ऐन अंधारात. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद केले, दगडफेकही झाली. वंगभंगामुळे सरकारविषयी आधीच रोष धुमसत होता. त्यात सरकारने आपला सूर्यच पळविला, अशी भावना झाली. मुंबई महानगरपालिकेने आपल्या घड्याळांवर ‘मुंबई टाइम’ कायम ठेवण्याचा ठराव केला आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला.

जवळजवळ अर्धे शतक एका शहरात दोन वेळा नांदत होत्या. आगगाडी एका वेळेवर, पालिकेचे घड्याळ दुसऱ्या वेळेवर. भेटीची वेळ ठरविताना ‘कोणता टाइम?’ हा प्रश्न ओघानेच येई. जुन्या लग्नपत्रिका कोणाच्या संग्रही असतील, तर मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ ही अक्षरे छापलेली आढळतील. स्टँडर्ड टाइमचे हे संक्षिप्त रूप दुसरी वेळ नाहीशी झाल्यावरही पुष्कळ काळ पत्रिकांवर रेंगाळत राहिले. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेण्यात आली. मूळ मुंबई टाइमशी तुलना केली, तर हे अंतर १ तास ३९ मिनिटे भरते. काटे पुढे-मागे करण्याचा अनुभव आपल्या आजी-आजोबांनीही घेतला आहे, तो असा.

एका देशाचे एक घड्याळ

आजची भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. देश पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश रेखांशांवर पसरला असल्याने दोन टोकांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. गुवाहाटीत जून महिन्यात पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणून आसामच्या चहाच्या मळ्यांत प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे असणारी ‘बागान टाइम’ ब्रिटिश काळापासून रुजली आहे. कामाची वेळ उजेडाशी जुळावी, एवढाच तिचा हेतू. ईशान्येसाठी स्वतंत्र वेळ असावी, असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडला. सीमेवर रेल्वेगाड्यांची घड्याळे बदलताना चूक होऊन अपघात घडू नये, हा विचारही त्यात होता. केंद्र सरकारने मात्र धोरणात्मक कारणे देऊन त्यास मान्यता दिली नाही.

एका घड्याळाची ही किंमत ईशान्येकडील बांधव रोज मोजत आहेत, याची जाणीव आपण पश्चिमेकडील लोकांनी ठेवावयास हवी. स्थानिक वेळ म्हणजे काय हे मराठी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही. संकष्टीच्या दिवशी नागपूरला चंद्रोदय होऊन पाने वाढली जातात, तेव्हा मुंबईची मंडळी पंचवीसएक मिनिटे अजून चंद्राची वाट पाहत असतात. दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा निरनिराळ्या छापाव्या लागतात, त्या याच कारणाने.

आपल्या हिशेबासाठी

आपण काटे बदलत नसलो तरी जग बदलते, आणि त्याचे पडसाद येथे उमटतात. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तेथील सकाळी साडेनऊला उघडतो. त्या वेळी आपल्याकडे उन्हाळी वेळेत सायंकाळचे सात, तर हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात. भारतातील मल्टी कमोडिटी एक्स्चेंजचे सोने-चांदी व खनिज तेलाचे सायंकालीन व्यवहारही अमेरिकी घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी थांबतात. परदेशी ग्राहकांना सेवा देणाऱ्या आपल्या तरुणांच्या पाळ्या तर त्या दोन रविवारांनंतर तासाने सरकतातच.

वाचकांच्या सोयीसाठी काही बाबी येथे नोंदवितो. न्यूयॉर्कहून आपण हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेनऊ तास. कॅलिफोर्नियासाठी हेच आकडे साडेतेरा व साडेबारा आहेत. लंडनसाठी साडेपाच व साडेचार. अमेरिका आणि युरोप यांच्या तारखा निराळ्या असल्याने मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरील एक आठवडा न्यूयॉर्क-लंडन अंतर पाचऐवजी चार तासांचे होते. या दिवसांत दोन्हीकडील मंडळींशी एकत्र बोलावयाचे असल्यास विशेष काळजी घ्यावी. सिडनी व मेलबर्न येथे ऋतू उलटे. तेथील उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. दुबई आणि सिंगापूर मात्र आपल्यासारखीच स्थिर आहेत. परदेशातून पैसे पाठविताना त्या दिवसाची अंतिम वेळ पाठविणाऱ्या बँकेच्या स्थानिक घड्याळानुसार असते, हेही ध्यानात असू द्यावे. आणि लेक दर रविवारी तिच्या सकाळी नऊला न्यूयॉर्कहून फोन करीत असेल, तर तो मार्चपासून साडेसहाला येईल, नोव्हेंबरपासून साडेसातला.

पैशाप्रमाणेच घड्याळाचेही मूल्य परस्पर विश्वासावर टिकते. दहा वाजले असे सर्वांनी मिळून मानले, म्हणूनच दहाला कचेरी उघडते, गाडी सुटते आणि शाळा भरते. हा करार बदलणे केव्हा केव्हा आवश्यक असेलही. परंतु त्याचा भार पहाटे उठणाऱ्याने, रात्री जागणाऱ्याने आणि अंधारात शाळेस निघणाऱ्या मुलाने आधी सोसावा लागतो. १९०६ मधील गिरणी कामगारांनी हेच सांगितले होते. काटे फिरविण्यापूर्वी या मंडळींना विचारले गेले, तर निम्मा उपद्रव तेथेच मिटेल.